तिसाव्या सेकंदाला मोकल सिस्टर

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर माझं नाव आजवर दोनदाच लागलं. पहिल्यांदा गणपतीच्या वर्गणीदारांमध्ये, तेही 'दिवेकर'चं 'दिवाकर' करून. दुसऱ्यांदा गेल्या जानेवारीत, अगदी बिनचूक: 'सदनिका क्र. ३०४ चे श्री. दिवेकर यांनी निवासी जागेत विनापरवाना पिठाची गिरणी चालू केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी त्यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

सव्वीस वर्षं मी संगणकाच्या क्षेत्रात आहे. बिल्डिंगमध्ये मात्र माझी ओळख 'घरीच असतात ते' एवढीच. कुरिअर, गॅसचा सिलिंडर, शेजारच्यांची किल्ली हे सगळं माझ्याकडे येतं. त्यात आता दळणाची भर पडली होती.

हे ज्या यंत्रामुळे घडलं, त्याबद्दल आधी सांगतो. मोठ्या संस्थांची माहिती त्यांच्या मुख्य संगणकाच्या पोटात नसते. ती शेजारी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटात, ओळीनं लावलेल्या डिस्कवर असते. संगणक आणि कपाट यांच्यामध्ये काचेच्या तंतूची केबल असते. आणि संगणकात एक प्रोग्रॅम बसलेला असतो, ज्याचं काम या कपाटांची हजेरी घेणं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. असल्या एका ड्रायव्हरची देखभाल करणं ही माझी नोकरी. माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीत 'मुलगा ड्रायव्हर' एवढंच ऐकलं होतं आणि चहाचा कप खाली ठेवला होता, पण तो विषय आता मिटला आहे.

तर कधीकधी एखादं कपाट अचानक गप्प होतं. केबल सैल होते, केबलच्या वाटेतला जोडणीचा एखादा डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी ड्रायव्हर घाई करत नाही. तीस सेकंद वाट बघतो. सगळी कामं हातात धरून ठेवतो. तीस सेकंदांत कपाट आलं नाही, की ते गेलं असं समजून त्याचं नाव हजेरीपटातून कापतो. यात काही गैर नाही. गैर एवढंच होतं, की नाव कापण्याचं काम चालू असताना, त्याच क्षणी कपाट परत आलं, तर आमच्या ड्रायव्हरचा गोंधळ उडायचा. कपाट समोर उभं, दिवे लागलेले, 'मी आलोय' म्हणून सांगतंय, आणि ड्रायव्हर म्हणतोय, तुम्ही हजर नाही. मग कितीही हाका मारा. सगळा संगणक बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ते कपाट नाहीच.

परराज्यातल्या एका रक्तपेढीत हे एका महिन्यात दोनदा झालं. दोन्ही वेळा चाळीस-चाळीस मिनिटं कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुणासाठी राखलेली, हे पडद्यावर दिसेना. तिथल्या लोकांनी फ्रीज उघडून, पिशव्यांवरची लेबलं वाचून, कागदावर लिहून काम भागवलं. कुणाला काही झालं नाही. पण त्यांच्या तंत्रज्ञाची मेल आली होती तिच्यात शेवटी एक वाक्य होतं: 'बाहेर नातेवाईक उभे होते.' तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच लिहिलेलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आमचा मॅनेजर अपूर्व एकतीस वर्षांचा आहे आणि मला सर म्हणतो. वय झालेल्या माणसाला हल्ली असंच बाजूला करतात. तो म्हणाला, "सर, तीसचे साठ सेकंद करून टाकू ना. प्रॉब्लेम सॉल्व्ह."

"अरे, मग हेच साठाव्या सेकंदाला होईल."

"पण कमी वेळा होईल ना?"

हे खरं होतं, म्हणूनच मला राग आला. शेवटी तो म्हणाला, "दोन आठवडे घ्या. नाही सापडलं तर साठ करून पाठवू."

आमच्या ऑफिसातली प्रयोगशाळा वर्षापूर्वीच बंद झाली होती आणि तिथली यंत्रं भंगारात जाण्याची वाट बघत होती. त्यांतलं एक कपाट, एक संगणक आणि मधला डबा मी मागून घेतला. गेटपासवर 'नेण्याचे कारण' या रकान्यात 'दुरुस्ती' लिहिलं तर शिपाई म्हणाला, भंगाराची दुरुस्ती होत नाही, दुसरं कारण लिहा. 'कुतूहल' लिहिलं. त्यानं शिक्का मारला.

कपाट टेम्पोतून आलं. लिफ्टमध्ये मावलं नाही. चार माणसांनी ते जिन्यानं चढवलं आणि दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या मोकलबाईंच्या दारासमोर टेकवून एवढ्या मोठ्यानं श्वास घेतले, की त्यांनी दार उघडून चौघांनाही पाणी दिलं. आमच्या हॉलमध्ये शोकेस होतं तिथे ते बसलं. रंजितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यावर टाकायला क्रोशाचं काही विणू का?"

मी बटण दाबलं. चौदा डिस्क आणि आठ पंखे एकदम सुरू झाले. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून मार्चपर्यंत गेलं.

तासाभरात चौथ्या मजल्यावरच्या एक वहिनी भाजणीचा डबा घेऊन दारात उभ्या. "घरघंटी घेतलीत, बोलला नाहीत ते! जरा जाडसरच काढा हं." मी सांगितलं की ही घरघंटी नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, कपाट बघितलं, आणि दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "नसेल द्यायचं तर तसं सांगावं." संध्याकाळपर्यंत आणखी दोघी तांदूळ घेऊन येऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली.

सोसायटीचा सेक्रेटरी केतन घरत. या इमारती उभ्या आहेत ती जमीन एकेकाळी त्याच्याच भाऊबंदांची होती. त्यामुळे तो सेक्रेटरी नसता तरी सेक्रेटरीसारखाच बोलला असता. माणूस मोठा सरळ. तो स्वतः पाहणीला आला.

"काका, गिरणी नाय म्हणता. मग दळण कसलं चाललंय?"

"माहितीचं," मी म्हणालो. मला वाटलं मी विनोद केला. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

"ह्याच्यात काय हाय?"

"चौदा डिस्क आहेत."

"त्यांच्यात काय हाय?"

"काही नाही. रिकाम्या आहेत."

केतननं पंख्यांच्या घरघरीकडे कान दिला. "रिकामं असून एवढा आवाज?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघितलं.

लेखी परवानगी मिळाली ती 'प्रयोगापुरती, सकाळी अकरा ते दुपारी एक, दोन आठवडे' अशी. अपूर्वलाही मी त्याच दिवसापासून दोन आठवडे मोजायला लावले. सल्ले मात्र चोवीस तास मिळत होते. तळमजल्यावरचे काका म्हणाले, अर्थिंग तपासा. कुणी म्हणालं, तोंड पूर्वेला करा. केतननं जाताजाता विचारलं, "काका, बंद करून चालू करून बघितलंत काय?" सव्वीस वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत अचूक सल्ला. रक्तपेढीत नेमकं तेच करत होते, आणि ते करावं लागू नये म्हणूनच मी हे भूत घरात आणलं होतं.

बिघाड दुरुस्त करायचा तर आधी तो डोळ्यांसमोर घडवता यायला हवा. केबल काढायची, तीस सेकंद थांबायचं, आणि ड्रायव्हर नाव कापायला घेतो त्या क्षणी परत लावायची. तो क्षण जेमतेम पाव सेकंदाचा. केबल न काढता, मधल्या डब्याला हुकूम सोडून जोडणी तोडता आली असती. पण त्या डब्याचा पासवर्ड पूर्वी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या एकट्या वेणूला ठाऊक होता. वेणूनं नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. त्याला शोधून काढला, पासवर्ड मिळवला, हुकूम सोडले. बिघाड आलाच नाही. डब्याच्या हुकुमानं कपाट शहाण्यासारखं, निरोप घेऊन जायचं आणि सांगून परत यायचं. आमचा घोटाळा व्हायचा तो न सांगता गेलेल्याच्या बाबतीत. म्हणजे केबल हातानंच उपटायला हवी होती.

रंजिता मोबाइलवर सेकंद मोजायची आणि तीस झाले की "आता!" म्हणून ओरडायची. मी केबल लावायचो. नोंद बघितली की कधी अर्धा सेकंद उशीर, कधी पाऊण.

"तू उशिरा ओरडतेस."

"मी वेळेवर ओरडते. तुम्ही 'आ'ला लावता की 'ता'ला?"

यावर आमचं त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

मग मी एकट्यानं सुरू केलं. नवव्या दिवसापर्यंत सगळी मिळून एकशे चाळीस वेळा केबल काढली आणि लावली. हाताला घट्टा पडला. बिघाड एकदाही आला नाही. राहिलेल्या वेळात मी ड्रायव्हरचा मजकूर वाचत बसायचो. चाळीस हजार ओळी. वीस वर्षांत जगभरातल्या दीडशे माणसांनी मिळून लिहिलेल्या. त्यांतले निम्मे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, काही आता हयात नसतील. एका ठिकाणी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'ही ओळ का लागते ते मला कळलेलं नाही, पण काढू नका. मी काढून बघितली आहे.' एवढ्या मोठ्या कामात आपण फक्त एक पाव सेकंद शोधतोय आणि तोही सापडत नाही, असं वाटलं.

दहाव्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मोकलबाई आल्या.

रंभा मोकल मूळच्या शिरढोणच्या. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचा हॉल आमच्या हॉलच्या बरोबर खाली. मी ओळखलं की तक्रार आली. खुलाशाची प्रत काढून हातात धरली.

"कागद नको," त्या म्हणाल्या. "धा दिवस वरून आवाज येतो. घूं घूं चालू ऱ्हातो, मधी खट होतं, मंग थोड्या वेळानं परत खट. मी खालून मोजतंय. दोन खटांमधी कधी एकोणतीस, कधी एकतीस. तुमाला नक्की किती पायजेत?"

मी बघतच राहिलो. "तीस."

"घड्याळाकडं बघून करताय काय?"

"हो."

"मंग चुकणारच. घड्याळाकडं बघतो तवा हात थांबतो. नाडी मोजताना आमी पहिली दोन वर्षं घड्याळ बघतो. मंग ते आत जातं."

त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, हातातली भाजीची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "हे कशासाठी चाललंय?"

मी रक्तपेढीचं सांगितलं. ड्रायव्हर, हजेरीपट, तीस सेकंद. आणि त्या मेलमधलं शेवटचं वाक्यही सांगितलं. सिस्टरनी पदर खोचला आणि त्या हात धुवायला बेसिनकडे गेल्या. साबण लावून, कोपरापर्यंत.

काचेच्या केबलच्या टोकाला एक नाजूक खिट्टी असते. मी दोनदा तोडली होती. सिस्टरनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट बघितली. सापडत नसलेली शीर शोधताना नर्सबाई बोट फिरवतात तसं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा काढून, एकदा लावून बघितली. आवाज आला नाही.

"सांगा कवा काढू."

"तुम्हीच काढा."

त्यांनी केबल काढली. डोळे मिटले नाहीत, ओठही हलले नाहीत. समोरच्या भिंतीवरच्या फडफडत्या कॅलेंडरकडे बघत उभ्या राहिल्या. रंजिता कणकेचे हात तसेच धरून दारात उभी होती. सिस्टरनी मध्येच म्हटलं, "गॅस बारीक करा, डाळ लागेल," आणि रंजिता आत पळाली. मग त्यांचा हात हलला.

मी पडद्याकडे बघितलं. कपाटाचा दिवा हिरवा. कपाट म्हणतंय, मी आलो. आणि खाली ड्रायव्हरची ओळ: असं कुणी नाही.

वेळ होती तीस सेकंद आणि वर एका सेकंदाचा पंचविसावा भाग.

खुर्चीत बसता बसता माझा पाय केबलमध्ये अडकला. सिस्टर म्हणाल्या, "चुकलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "सिस्टर, हेच. हेच पाहिजे होतं."

"मंग तोंड असं का केलंत?"

मी त्यांना समजावलं, की बघा, हे समोर जिवंत आहे आणि याला मेलेलं म्हणून लिहिलंय. त्यांनी पडदा बघितला. इंग्रजी होतं, पण त्यांना वाचायला अडचण आली नाही. "लिहायच्या आदी परत नाडी बघितली नाय काय यानं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं डॉक्टरनं सांगितलं तरी कागदावर लिहायच्या आदी मी एकदा हात लावून बघायची. दोनदा मला लागलीय नाडी. एक बाई अजून बाजारात भेटते."

त्या पिशवी उचलून गेल्या. मी त्या दिवशी दुपारीच अकरा ओळी लिहिल्या. नाव कापण्याआधी एकदा बघायचं, की कपाट परत येत तर नाही ना. येत असेल तर कापायचं नाही. इतकं साधं. दीडशे माणसांना आणि मला जे सुचलं नव्हतं ते. मी अपूर्वला कळवलं, उद्या पाठवतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना पुन्हा बोलावलं. दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा ठीक. मी खूश होऊन त्यांना सांगितलं, की असा बदल जगासमोर जातो तेव्हा त्याखाली नाव लिहितात, कुणी केला आणि कुणी तपासला. तपासणारीचं नाव तुमचं लिहिणार.

"माझी सही?"

"सहीच म्हणा."

"मंग धा नाय. शंबर."

"सिस्टर, दहा पुरे होतात."

"तुमाला पुरत असतील. माझ्या सहीवर कुणी रक्ताची पिशवी काढणार हाय." त्यांनी पदर खोचला.

त्या दिवशी चाळीस खेपा झाल्या. पुढच्या दिवशी मी वैतागलो होतो. त्र्याहत्तराव्या वेळी दिवा हिरवा झाला आणि ड्रायव्हर म्हणाला, असं कुणी नाही.

मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. मी दहावर थांबून पाठवणार होतो ना. दवाखान्यात नव्या डॉक्टरांकडून चुका होताना त्यांनी किती बघितल्या असतील. माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात ताठ उभा राहिलोय, हात मागे घेऊन.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी शोधलं. अर्धा तास लागला. मी आधी बघत होतो की कपाट परत येतंय का, आणि नाही म्हटल्यावर नाव कापायला वळत होतो. बघणं आणि वळणं यांच्यामध्ये अगदी बारीक फट होती. कपाट त्या फटीत आलं होतं. मी हे जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे नाडी सोडून पेन आणायला गेलात," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"एक हात नाडीवर ठेवायचा. दुसऱ्या हातानं लिहायचं. लिहून होईपर्यंत पयला हात काढायचा नाय."

हेच मी कॉलेजात शिकलो होतो. पुढे नव्या मुलांना शिकवतही होतो. कुलूप लावून बघा, कुलूप न काढता लिहा, मग कुलूप काढा. फळ्यावर त्याची आकृती काढायचो. आणि स्वतः करताना हात सुटला होता. मी सात ओळी इकडच्या तिकडे केल्या.

"आता त्र्याहत्तरपासून पुढे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. पुन्हा एकपासून सुरू केलं.

तेराव्या दिवशी सत्तेचाळीस झाल्या. चौदाव्या दिवशी, म्हणजे अपूर्वच्या मुदतीच्या आणि केतनच्या परवानगीच्या शेवटच्या दिवशी, त्र्याण्णव खेपांवर एक वाजला. बरोबर एक वाजता बेल वाजली. केतन घरत, हातात वही.

"काका, टाइम झाला. बंद करा."

सिस्टरच्या हातात तेव्हा काढलेली केबल होती. त्यांनी मान न वळवता दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. एवढंच. मी त्या घरतांच्या पोराला कमिटीच्या सभेत बिल्डरला गप्प करताना बघितलंय. तो दारातच थांबला, चपला काढल्या, आणि सोफ्याच्या काठावर बसला. सिस्टरचा हात हलला. दिवा हिरवा. ड्रायव्हर म्हणाला, हजर.

"काय चाललंय?" केतननं माझ्या कानाशी विचारलं.

मी कागदावर लिहून दिलं: तीस सेकंद, घड्याळाशिवाय. त्यानं ते वाचलं आणि मोबाइल काढला. पुढच्या खेपेला त्यानं गुपचूप वेळ लावली. केबल लागली तशी त्यानं मोबाइल मला दाखवला: बरोबर तीस. मग तो मोबाइल त्यानं खिशात ठेवला, नंतर काढला नाही. वहीसुद्धा मांडीवरून खाली सोफ्यावर ठेवली.

शेवटच्या सहा वेळा आम्ही तिघं, मी, रंजिता आणि केतन, ओळीनं बसून बघत होतो. पंख्यांची घरघर चालू होती, पण मला ती ऐकू येत नव्हती. साठ वर्षं ओलांडलेली एक बाई, पायात सूज, एका लोखंडी कपाटासमोर उभी राहून तीस सेकंद असे मोजत होती, की घड्याळानं तिच्याकडून वेळ लावून घ्यावी. शंभरापैकी एक्याऐंशी वेळा ती केबल त्या पाव सेकंदात बसली. शंभरच्या शंभर वेळा कपाट हजर.

"झाले," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "आता पाणी द्या."

पाणी केतननं आणलं.

बदल जगासमोर पाठवायचा म्हणजे एका दूरच्या थंड देशात बसलेल्या, कधी न बघितलेल्या गृहस्थाकडे पाठवायचा. तो या सगळ्या ड्रायव्हरांचा राखणदार. त्याचं उत्तर आलं: 'ओळींच्या सुरुवातीला टॅबच्या जागी स्पेस आहेत. पुन्हा पाठवा.' पाठवला. 'वर्णनात "दुरुस्त केले" लिहू नका, "दुरुस्त कर" असं आज्ञार्थी लिहा.' शाळेनंतर पहिल्यांदाच कुणी माझं व्याकरण तपासत होतं. पाठवला. 'तपासणाऱ्या व्यक्तीचा इमेल?'

सिस्टरना इमेल नव्हता. तो काढायला आम्ही दोघं एक पूर्ण सकाळ बसलो. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो म्हटल्यावर त्यांनी मला बाल्कनीत पाठवलं.

मग गृहस्थानं शेवटचा प्रश्न विचारला. त्याला खरोखरच कळत नव्हतं. 'हा क्षण इतका छोटा आहे, की आम्हाला इथे यंत्रानंही नीट पकडता आला नाही. तुम्ही शंभरात एक्याऐंशी वेळा हातानं कसा पकडलात?'

अपूर्व म्हणाला, सर, काहीतरी टेक्निकल लिहून द्या. मी खरं तेच लिहिलं. की आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात, आणि त्यांनी छत्तीस वर्षं माणसांच्या नाड्या मोजल्या आहेत. पाठवलं आणि पस्तावलो. दोन दिवस उत्तर नाही. असली पत्रं या ड्रायव्हरवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या यादीवर जातात, जगभर कुणीही वाचू शकतं. मी मेल उघडायचं टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी आलं. दोन ओळी. 'बदल घेतला. बाईंना माझे आभार सांगा. माझी आई सुईण होती.'

मी मोबाइल घेऊन खाली गेलो आणि त्यांना दाखवलं. ड्रायव्हरचा मजकूर, त्याखाली माझं नाव, आणि त्याखाली: तपासणी, रंभा मोकल. मी सांगितलं, की हे आता जगातल्या लाखो संगणकांबरोबर जाईल. हे कुणाला पुसता येत नाही.

त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "स्पेलिंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दवाखान्याच्या रजिस्टरात मी हजारो सह्या केल्या. ती रजिस्टरं एका पावसाळ्यात भिजली. फेकून दिली."

कपाट भंगारात परत गेलं. शोकेस जागेवर आलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याशी अजून बोलत नाहीत.

मे महिन्यात रक्तपेढीच्या तंत्रज्ञाची मेल आली. इमारतीत वायरिंगचं काम चालू होतं, कुणाचा तरी पाय अडकून केबल निघाली, घाबरून त्यानं परत लावली. नोंदीत बरोबर तीस सेकंद. नव्या ड्रायव्हरनं नाव कापायला घेतलं, थांबला, आणि हजेरी लावून घेतली. 'आम्हाला दुसऱ्या दिवशी नोंद वाचेपर्यंत पत्ताही नव्हता,' त्यानं लिहिलं होतं.

मी जिना उतरून खाली गेलो. सिस्टर दारातच सूप मांडून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या.

"सिस्टर, रक्तपेढीतून कळवलंय. तसंच झालं होतं. केबल निघाली, तिसाव्या सेकंदाला लागली."

त्यांचे हात थांबले. "मंग?"

"मग काही नाही." मी जिन्याच्या पायरीवर बसलो. "काहीच झालं नाही, सिस्टर. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"त्या येळेला कुणी रक्त न्यायला आलं होतं काय?"

मी मोबाइल काढून मेल पुन्हा वाचली. खाली वेळ आणि नोंदी होत्या. "दोघं. दोन पिशव्या गेल्या त्या मिनिटात."

"मिळालं ना त्यांना?"

"मिळालं."

"मंग असं सांगा की," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा सोडे निवडायला लागल्या. "दोघांना रक्त मिळालं. काय झालं नाय काय म्हणता?"